विश्लेषण : सी-वर्ल्डला जाताय? ओर्काच्या तलावाची गोष्ट तिकीट काढण्याआधी वाचा...

मे-जूनमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या मराठी आई-वडिलांची फ्लोरिडाची सहल बहुधा ठरलेल्या वाटेनेच जाते. दोन-तीन दिवस डिस्ने, एक दिवस केनेडी स्पेस सेंटर आणि एक दिवस सी-वर्ल्ड. मग फॅमिली ग्रुपवर फोटो येतात आणि त्यात एक हमखास असतो : निळ्याशार तलावातून हवेत झेपावलेला काळा-पांढरा अजस्र प्राणी आणि पुढच्या रांगांत नखशिखांत भिजलेली नातवंडे. अमेरिका ज्यांच्या बजेटबाहेर आहे, त्यांना बँकॉकच्या पॅकेजमध्ये मरीन पार्क मिळतो, दुबईत डॉल्फिनेरियम मिळते आणि २०२३ पासून अबूधाबीतही सी-वर्ल्ड आहे. भारतात मात्र डॉल्फिनचे प्रयोग करणारा एकही पार्क नाही. त्याला कारण पैशांची अडचण नसून एक सरकारी परिपत्रक आहे. हे पार्क नेमके चालतात कसे, त्यांच्यावर आक्षेप काय आणि पोरांना घेऊन तिथे जायचे ठरवले तर काय माहीत असावे, याविषयी...

सी-वर्ल्डमध्ये नेमके असते काय?

‘मोठे मत्स्यालय’ समजून आत शिरणाऱ्यांचा पहिल्या अर्ध्या तासातच गोंधळ उडतो. ओरलँडोचे सी-वर्ल्ड डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाले. कंपनीचा सर्वांत जुना पार्क कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला आहे (१९६४), तर टेक्सासमधील सॅन अँटोनिओचा पार्क १९८८ चा. सुरुवातीला प्राणी हेच या ठिकाणांचे मुख्य आकर्षण होते. आता निम्मा पार्क रोलर कोस्टरचा आहे. ओरलँडोतील ‘माको’ हा कोस्टर २०० फूट उंचीवरून खाली येतो आणि ताशी ११७ किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. त्यासाठी किमान उंची ५४ इंच लागते. म्हणजे सहावी-सातवीतली मुले त्या रांगेत, धाकटी भावंडे आणि आजी-आजोबा पेंग्विनकडे, अशी कुटुंबाची फाटाफूट ठरलेलीच.

आजी-आजोबांच्या वाट्याला आलेला भाग तसा वाईट नाही. पेंग्विनचे थंडगार दालन, शार्कच्या तलावाखालून जाणारा बोगदा, सी-लायन आणि मॅनाटी. मॅनाटी हा फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात गवत खाणारा सुस्त सस्तन प्राणी. आपल्याकडे मन्नारच्या आखातात आढळणाऱ्या डुगाँगचा हा दूरचा नातेवाईक. बोटीच्या पंख्याने जखमी झालेले, उपासमारीने खंगलेले मॅनाटी इथे उपचारांसाठी आणले जातात आणि बरे झाल्यावर पुन्हा सोडले जातात. २०२१ मध्ये फ्लोरिडात अकराशेहून अधिक मॅनाटी मेले, तेव्हा हा पार्क उपचारांच्या मुख्य केंद्रांपैकी एक होता. आतापर्यंत ४० हजारांहून अधिक प्राण्यांची सुटका केल्याचे कंपनी सांगते. टीकाकारही हे काम नाकारत नाहीत. वाद आहे तो थोडे पुढे, स्टेडियममध्ये.

‘ओर्का एन्काउंटर’ हा तिथला मुख्य प्रयोग. पुढच्या रांगांवर ‘इथे बसाल तर भिजाल’ अशी पाटी असते आणि ती अजिबात अतिशयोक्ती नाही. अंगावर येते ते थंड, खारे पाणी. फोन खिशात असेल तर तोही भिजतो. उन्हाळ्यात दुपारी ओरलँडोत विजांसह पाऊस पडणे नेहमीचे आहे. वीज जवळ असली की राइड आणि उघड्यावरचे प्रयोग थांबवतात. त्यामुळे ज्यांना प्रयोग पाहायचाच आहे त्यांनी सकाळचा गाठलेला बरा. तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, गेटवर सहसा महाग पडतात, आणि पार्किंग, जेवण, रांग टाळण्याचा पास हे सगळे वेगळे. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब तिकिटावर कधीच थांबत नाही.

ओर्का ‘टाटा’ कसा करतो?

‘आजी, तो मासा आपल्याला टाटा करतोय बघ!’ हे वाक्य स्टेडियममध्ये जगातल्या प्रत्येक भाषेत ऐकू येत असावे. यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. ओर्का मासा नाही. तो हवेत श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. ‘किलर व्हेल’ हे नाव रूढ असले तरी शास्त्रीय वर्गीकरणात तो डॉल्फिनच्या कुळात येतो, त्या कुळातला सर्वांत मोठा. आणि तो टाटा करत नाही.

ट्रेनर हाताने खूण करतो. प्राण्याने अपेक्षित हालचाल केली की लगेच शिट्टी वाजते. शिट्टीचा अर्थ ‘बरोबर, आता खाऊ मिळणार’. एकदा हे नाते पक्के झाले की मोठी हालचाल छोट्या तुकड्यांत शिकवता येते. आधी पर पाण्याबाहेर काढणे, मग तो वर धरणे, मग हलवणे. सर्कशीतल्या चाबकापेक्षा ही पद्धत कितीतरी सौम्य आहे, आणि रक्त तपासायला शेपटी पुढे करणे, दात दाखवायला तोंड उघडे ठेवणे अशा वैद्यकीय कामांसाठीही ती वापरतात. प्रौढ ओर्काला दिवसाला साधारण ६० ते ११० किलो मासे लागतात. ते गोठवून आणलेले असतात, वितळवून जीवनसत्त्वे घालून दिले जातात. समुद्रातला ओर्का पाणी पीत नाही, भक्ष्यातूनच त्याला पाणी मिळते. गोठवलेल्या माशांत ते कमी पडते म्हणून तलावातल्या ओर्कांना जिलेटिनचे तुकडे भरवावे लागतात. पार्कच्या प्रयोगात ही माहिती कानावर पडली तर नीट ऐकावी. नैसर्गिक जीवनाच्या जागी प्रत्येक गोष्ट कशी हाताने पुरवावी लागते, हे त्यावरून कळते.

२४ फेब्रुवारी २०१० ला काय घडले?

आज ट्रेनर काठावर उभे राहून खुणा करतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेलेल्यांना मात्र ओर्काच्या नाकावर उभा राहून हवेत उडणारा ट्रेनर आठवत असेल. हा फरक एका मृत्यूने पडला.

टिलिकम हा नर ओर्का १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला गेला, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. कॅनडातील ‘सीलँड ऑफ द पॅसिफिक’ या छोट्या पार्कमध्ये १९९१ मध्ये केल्टी बर्न ही तरुण ट्रेनर घसरून तलावात पडली. टिलिकम आणि आणखी दोन ओर्कांनी तिला वर येऊ दिले नाही. तो पार्क बंद झाला, टिलिकम १९९२ च्या सुरुवातीला ओरलँडोला आला. १९९९ मध्ये रात्री पार्कमध्ये लपून राहिलेला एक माणूस सकाळी त्याच्या तलावात मृत आढळला. आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी, दुपारच्या जेवणासह होणारा प्रयोग नुकताच आटोपला असताना, टिलिकमने डॉन ब्रँशो या ४० वर्षांच्या अनुभवी ट्रेनरला पाण्यात ओढले. जेवायला बसलेले पर्यटक समोर होते. टिलिकमचे वजन तेव्हा सुमारे साडेपाच टन होते.

कामगार सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने कंपनीला दंड केला. आधी ७५ हजार डॉलर, पुढे तो १२ हजारांवर आला. एवढ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. खरा प्रश्न होता ट्रेनरने पाण्यात उतरावे की नाही हा. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१४ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल कंपनीच्या विरोधात लागला. विरोधी मत देणारे न्यायाधीश होते ब्रेट कॅव्हनॉ, जे नंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. फुटबॉल किंवा मोटार शर्यतीही धोकादायक असतात, मग सरकार इथेच का दखल घेते, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमतात असलेले मेरिक गार्लंड पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झाले.

तोपर्यंत २०१३ मध्ये ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आलेला होता. टिलिकमच्या आयुष्यावरच्या या माहितीपटाने सी-वर्ल्डचे जेवढे नुकसान केले, तेवढे कुठल्याही न्यायालयाने केले नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये एका दिवसात कंपनीचा शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. माहितीपटाचा गर्दीवर झालेला परिणाम गुंतवणूकदारांपासून लपवल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये कंपनी आणि तिच्या माजी प्रमुखाने मिळून पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवले. त्याआधी १७ मार्च २०१६ रोजी कंपनीने ओर्कांचे प्रजनन थांबवत असल्याचे जाहीर केले. सध्या आहेत ती शेवटची पिढी. टिलिकम जानेवारी २०१७ मध्ये मरण पावला. कंपनीचे नावही २०२४ मध्ये बदलून ‘युनायटेड पार्क्स अँड रिसॉर्ट्स’ झाले. पार्कच्या पाटीवर मात्र सी-वर्ल्डच आहे.

तलाव लहान म्हणजे किती लहान?

समुद्रातला ओर्का दिवसाला शंभर किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर सहज कापतो. मायामी सीक्वेरियममध्ये ‘लोलिता’ ही मादी ज्या तलावात राहिली, त्याची लांबी ८० फूट, रुंदी ३५ फूट आणि सर्वांत खोल भाग २० फूट होता. तिची स्वतःची लांबीच २० फुटांच्या आसपास. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर तिला पकडले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती मेली. ५३ वर्षे. सी-वर्ल्डचे तलाव याहून बरेच मोठे आहेत, हे सांगायलाच हवे. पण समुद्राच्या तुलनेत दोन्हीकडचा फरक फारसा मोजण्यासारखा नाही.

जागेइतकाच, किंबहुना त्याहून मोठा मुद्दा कुटुंबाचा आहे. ओर्कांचे कळप आईभोवती बांधलेले असतात. ईशान्य पॅसिफिकमधल्या मासे खाणाऱ्या कळपांत तर मुलगे मोठे झाल्यावरही आयुष्यभर आईसोबतच राहतात. एकत्र कुटुंब ही कल्पना ज्यांना समजावून सांगावी लागत नाही, अशा वाचकांना यातले गांभीर्य लगेच कळेल. प्रत्येक कळपाची आवाजांची स्वतःची बोली असते. कोणी फक्त साल्मन खातो, कोणी फक्त सील, आणि भुकेलेले असतानाही ते या सवयी सहसा मोडत नाहीत. २०१८ मध्ये ‘टाहलेक्वा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मादीने आपले मेलेले पिल्लू डोक्यावर तोलत १७ दिवस सोबत वाहिले, ते दृश्य जगभर पाहिले गेले. तलावात मात्र आइसलँडचे, पॅसिफिकचे आणि त्यांच्या संकरातून जन्मलेले प्राणी एकत्र ठेवले गेले, आणि पार्कच्या सोयीनुसार पिल्ले आयांपासून वेगळी करून दुसऱ्या शहरांत हलवली गेली.

शरीरावरच्या खुणा साध्या डोळ्यांनी दिसतात. प्रौढ नराच्या पाठीवरचा पर सहा फुटांपर्यंत उंच आणि ताठ असतो. बंदिस्त नरांत तो एका बाजूला कोलमडलेला दिसतो. त्यात हाड नसते. प्राणी बराच काळ पृष्ठभागावर राहिला की पाण्याचा आधार कमी पडतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. समुद्रात असा पर क्वचित दिसतो. दातांचे हाल अधिक वाईट आहेत. एकाच कंपनीच्या मालकीच्या २९ ओर्कांची छायाचित्रे तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येकाच्या दातांना इजा आढळली. काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी फाटके चावत राहण्याची सवय त्याला कारणीभूत असल्याचे संशोधकांचे म्हणणे.

आयुर्मानावर मात्र मतभेद आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सी-वर्ल्डचे ओर्का समुद्रातल्यांइतकेच जगतात असे म्हटले होते. तो लिहिणाऱ्यांत कंपनीशी संबंधित संशोधक होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष उलट होता, आणि तो लिहिणाऱ्यांत कंपनीचे माजी ट्रेनर होते. दोन्ही बाजूंचे हितसंबंध लक्षात घेऊनच हे आकडे वाचावे लागतात.

मग त्यांना समुद्रात का सोडत नाहीत?

हा प्रश्न स्टेडियममधून बाहेर पडताना मुले विचारतातच. त्याचे उत्तर मोठ्यांना आवडणारे नाही.

१९९३ च्या ‘फ्री विली’ चित्रपटात भूमिका केलेल्या ‘केइको’ या ओर्काला खरोखर सोडण्याचा प्रयत्न झाला. मेक्सिकोतील लहानशा तलावातून त्याला आधी अमेरिकेत, मग आइसलँडच्या खाडीत आणले. काही वर्षे शिकार करायला शिकवले. २००२ मध्ये तो मोकळ्या समुद्रात गेला आणि थेट नॉर्वेच्या किनाऱ्याला लागला. तिथे त्याने माणसांचीच सोबत शोधली. मुले त्याच्या पाठीवर चढू लागली. डिसेंबर २००३ मध्ये तो मेला. रानटी कळपाने त्याला कधीच आपले मानले नाही. हा अपयशाचा पुरावा की मोकळ्या पाण्यात मिळालेली शेवटची काही वर्षे हेच यश, यावर अजून वाद आहे. पण तलावातच जन्मलेल्या, एकही जिवंत मासा न पकडलेल्या ओर्काची अवस्था केइकोपेक्षा बिकट असणार, यावर फारसे दुमत नाही.

सध्या खरी कसोटी आहे ती फ्रान्स आणि कॅनडात. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा करून डिसेंबर २०२६ पासून व्हेल-डॉल्फिनच्या प्रयोगांवर बंदी घातली. अँटिब येथील मरीनलँड जानेवारी २०२५ मध्ये बंद झाले, पण तिथल्या ‘विकी’ आणि ‘केइजो’ या आई-मुलाला कुठे पाठवायचे, हे पार्क बंद होण्याआधी ठरले नव्हते. प्रेक्षक गेले, प्राणी तलावातच राहिले. कॅनडाने २०१९ मध्ये व्हेल-डॉल्फिन मनोरंजनासाठी बंदिस्त ठेवण्यावर बंदी आणली. नायगारा धबधब्याजवळच्या, तिथल्याच मरीनलँड नावाच्या पार्कमध्ये ३० पांढरे बेलुगा व्हेल उरले. पार्कला ते चीनमधील एका पार्कला पाठवायचे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने परवानगी नाकारली. पैसे मिळाले नाहीत तर प्राण्यांना दयामरण द्यावे लागेल, असे पार्कने कळवले तेव्हा देशभर खळबळ उडाली.

बंदी घालणे हा सोपा भाग असतो. साडेपाच टनांचा, पन्नास वर्षे जगू शकणारा, रोज शंभर किलो मासे खाणारा प्राणी उरतो आणि त्याचे बिल कोणी भरायचे हे कायद्यात लिहिलेले नसते. समुद्राच्या खाडीत जाळे लावून ‘अभयारण्य’ करण्याची कल्पना अनेक वर्षे चर्चेत आहे. आइसलँडमध्ये २०१९ साली त्यासाठी चीनमधून दोन बेलुगा आणले गेले. त्यांनाही बराच काळ खाडीऐवजी आतल्या तलावातच ठेवावे लागले.

भारतात बंदी कशी आली?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १७ मे २०१३ रोजी परिपत्रक काढून डॉल्फिनेरियम उभारण्याचे प्रस्ताव फेटाळावेत असे राज्यांना कळवले. मनोरंजन असो वा प्रदर्शन, व्हेल-डॉल्फिन वर्गातले प्राणी त्यासाठी आणता-ठेवता येणार नाहीत. त्या काळात केरळ, दिल्ली परिसर आणि महाराष्ट्रातून असे प्रस्ताव चर्चेत होते आणि प्राणिप्रेमी संघटनांनी त्याविरोधात मोहीम उघडली होती. जुना अनुभवही होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या पार्कमध्ये बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. २००९ मध्ये गंगेतल्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर प्राणी घोषित केलेल्या देशाने डॉल्फिनला रिंगणातून उडी मारायला लावणे तसेही विचित्रच दिसले असते.

या परिपत्रकाबद्दल एक गैरसमज इंटरनेटवर आजही फिरतो : ‘भारताने डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला’. तसे घडलेले नाही. डॉल्फिनची असामान्य बुद्धिमत्ता पाहता त्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे असे काही शास्त्रज्ञ सुचवतात, एवढा उल्लेख परिपत्रकात आहे. कायदेशीर हक्क त्यातून मिळालेले नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पुढे पाठवताना एवढा फरक लक्षात ठेवायला हरकत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात ‘सी-वर्ल्ड’ नावाचाच प्रकल्प आणायचे राज्याचे स्वप्न होते. कोकणात पर्यटन आणि रोजगार येईल, असा सरकारचा दावा. जमिनी जाणार म्हणून गावकऱ्यांचा विरोध. जमिनीची मागणी पुढे कमी केली गेली, सरकारे बदलली, प्रकल्प कागदावरच राहिला. गंमत अशी, की सिंधुदुर्गात इतकी वर्षे चाललेला हा वाद बहुतांशी सातबाऱ्याचा होता. तलावात कोण राहणार आणि कसे, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलाच नाही. मुंबईत राणीच्या बागेत २०१६ मध्ये आठ हंबोल्ट पेंग्विन आले, त्यातला एक काही महिन्यांत मेला, तेव्हा मात्र प्राण्याच्या बाजूने बोलणारा आवाज मोठा होता. उरलेल्यांनी पुढे पिल्ले घातली आणि त्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली.

अबूधाबी, सिंगापूर, बँकॉक : मराठी पर्यटक जातात तिथले काय?

अबूधाबीच्या यास बेटावरचे सी-वर्ल्ड मे २०२३ मध्ये उघडले. पूर्ण वातानुकूलित, छताखाली. त्यात ओर्का नाहीत. त्या नावाचा ओर्काविना उघडलेला हा पहिला पार्क. डॉल्फिन मात्र आहेत. तिथल्या मुख्य टाकीत अडीच कोटी लिटर पाणी आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. तेवढे पाणी गोड्या पाण्यापासून तयार करायचे तर सुमारे ८७५ टन क्षार लागतील. आणि ते पाणी तसेच ठेवून चालत नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. गाळणीत वाढवलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. घरच्या फिश टँकमध्ये जे घडते तेच, फक्त पंप हत्तीएवढे.

समोरची ‘काच’ बहुधा काच नसते, ॲक्रिलिक असते. पाणी आणि हवेतून जाताना प्रकाश वळतो, त्यामुळे आतला मासा प्रत्यक्षापेक्षा जवळ आणि साधारण एक तृतीयांश मोठा भासतो. शार्क बघून किंचाळलेल्या पोराला हे सांगून धीर देता येतो. ॲक्रिलिक भरवशाचे आहे, पण डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलमधली दहा लाख लिटरची उभी टाकी पहाटे फुटली आणि सुमारे १,५०० मासे रस्त्यापर्यंत वाहून गेले. वेळ पहाटेची होती म्हणून माणसे वाचली.

दुबई आणि सिंगापूरच्या डॉल्फिनबाबत विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ते आले कुठून? २००७ मध्ये दुबईतील अटलांटिस हॉटेलसाठी सॉलोमन बेटांच्या समुद्रातून पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने आणले गेले. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील रिसॉर्टनेही तिथलेच डॉल्फिन घेतले. त्यातले काही सिंगापूरला पोहोचण्याआधीच मेले. सिंगापूरच्या जुन्या सहलीतले गुलाबी डॉल्फिन ज्यांना आठवतात, ते ‘अंडरवॉटर वर्ल्ड’ २०१६ मध्ये बंद झाले. बँकॉकच्या सफारी वर्ल्डमधला मरीन पार्क मात्र बहुतेक पॅकेजमध्ये न विचारता धरलेला असतो. एक्सपेडियासारख्या मोठ्या बुकिंग कंपनीने २०२१ मध्ये बंदिस्त डॉल्फिनच्या प्रयोगांची तिकिटे विकणे थांबवले. आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तो प्रश्न अजून फारसा पोहोचलेला दिसत नाही. ‘डॉल्फिन शोऐवजी दुसरे काही देता का?’ असे बुकिंगच्या वेळी विचारणारे ग्राहक वाढले तरच तो पोहोचेल.

जायचेच असेल तर?

सगळेच पार्क सारखे नाहीत. डॉल्फिनला मिठी मारून किंवा त्याचे ‘चुंबन’ घेऊन फोटो काढू देणारे, दिवसभर एकामागून एक गट पाण्यात उतरवणारे, प्राणी कुठून आणले ते न सांगणारे ठिकाण टाळावे. प्रयोगापेक्षा उपचार केंद्र, मॅनाटी, प्रवाळ, पेंग्विन यांच्यासमोर वेळ घालवता येतो आणि लहान मुलांना तिथे कंटाळाही कमी येतो. ओर्काचा प्रयोग पाहिलाच तर नराच्या पाठीवरचा पर आणि दात पाहायला मुलांना सांगावे. ते जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे पार्कच्या माहितीफलकावर नसतात.

डॉल्फिन पाहण्यासाठी विमानाचे तिकीट लागतेच असेही नाही. दापोलीजवळ मुरूड-हर्णै, दाभोळची खाडी, मालवण-तारकर्ली आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यापासून फार लांब नसतात. ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. स्थानिक बोटवाले सकाळी लवकर नेतात. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात, ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की सुरू होतात. अडचण एवढीच की डॉल्फिन दिसला की चार-पाच बोटी इंजिन तापवत त्याच्याकडे धावतात. ज्या आवाजाच्या आधारे तो मासे शोधतो, त्यावरच हा गोंगाट आदळतो. पैसे ठरवतानाच बोटवाल्याला सांगावे : ‘दादा, पाठलाग नको. लांबच इंजिन बंद करा, आम्ही थांबतो.’ बहुतेक जण ऐकतात. डॉल्फिन येईलच याची खात्री मात्र कोणी देत नाही, आणि न आल्यास पैसे परत मिळत नाहीत.